घराची मांडणी

घर बांधावयास पैसा लागतो. घर मांडावयास विचार लागतो. पैसा सर्वांजवळ सारखा नसतो, विचार मात्र प्रत्येकाला करता येतो. तरीही आपण घराच्या बांधणीची जितकी चर्चा करतो, तितकी त्याच्या मांडणीची करीत नाही. भिंतींना रंग दिला, खिडक्यांना पडदे लावले आणि कपाटात शोभेच्या चार वस्तू ठेवल्या, की घर सजले असे आपण समजतो. पण ही झाली घराची वेशभूषा. कोणती जागा कोणाच्या वाट्याला यावी, उजेड कोठे पडावा, हाताशी काय असावे आणि नजरेआड काय जावे, हे ठरविणे म्हणजे घराची मांडणी होय. म्हणूनच मांडणी ही हौसेइतकीच न्यायाचीही बाब आहे, असे मला वाटते.

आपल्या जुन्या घरांकडे पाहा. जाड भिंतींत कोनाडे ठेवलेले असत. त्यांत दिवा, पोथी, फणी-करंडा अशा वस्तू राहत आणि त्यांच्यासाठी जमिनीवरची जागा अडत नसे. खुंटी, फडताळ, मडक्यांची उतरंड, तुळईला टांगलेले शिंके या साऱ्यांना नेमून दिलेले काम असे. शिंक्यावरचे दही-लोणी मांजरापासून सुरक्षित राही. वाड्याच्या चौकातून आतील खोल्यांना वारा व उजेड मिळे. यांतील बहुतेक गोष्टी शोभेसाठी केलेल्या नव्हत्या. तरीही त्या डोळ्यांना सुखवीत. गरजेतून घडलेल्या वस्तूला एक प्रकारचे प्रमाण आपोआप लाभते.

परंतु जुन्या घराचे गुण गाताना त्याचा दोष झाकून ठेवणे बरे नव्हे. पाहुण्यांच्या ओसरीला मोकळी हवा मिळे. ज्या स्वयंपाकघरात स्त्रिया पहाटेपासून राबत, ते मात्र पुष्कळदा मागच्या बाजूला, काळोखे आणि धुराने कोंदलेले असे. घरात जिचा सर्वांत अधिक वेळ जाई, तिच्याच वाट्याला सर्वांत वाईट जागा येई. असा हा उलटा व्यवहार होता.

हा प्रश्न इतर देशांतही होता. पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीत घरांची मोठी टंचाई निर्माण झाली, तेव्हा फ्रँकफर्ट शहराने हजारो नवी घरे बांधली. त्या घरांसाठी मार्गारेटे श्युटे-लिहोत्स्की या ऑस्ट्रियन वास्तुतज्ज्ञ स्त्रीने १९२६ साली स्वयंपाकघराचा एक आराखडा तयार केला. एकेका कामाला किती वेळ लागतो, शेगडीपासून मोरीपर्यंत किती पावले पडतात, याचा त्यांनी बारकाईने विचार केला. खोली अवघी साडेसहा चौरस मीटरांची होती. पण काम करण्याची जागा खिडकीशी होती, बसावयास फिरते स्टूल होते आणि पीठ, तांदूळ, साखर यांचे खण हाताशी ओळीने लावलेले होते. अशी सुमारे दहा हजार स्वयंपाकघरे उभी राहिली. मात्र त्या अरुंद खोलीत दोन माणसांना एकदम काम करणे अवघड जाई. ही उणीवही बोध घेण्यासारखी आहे. स्वयंपाकघरात दुसऱ्याला उभे राहण्यास जागाच नसेल, तर कामाचा भार एकीच्याच माथ्यावर राहणार!

आज पुष्कळ घरांतून चूल जाऊन गॅसची शेगडी आली, ओटा आला. पण जुनी खोड पुरती गेलेली नाही. बैठकीच्या खोलीत जड कोच आणि काचेची कपाटे ऐसपैस बसतात, आणि शाळेत जाणारे मूल पलंगाच्या कडेला वही टेकवून लिहीत असते. वृद्ध आजीला न्हाणीघरापर्यंत गुळगुळीत फरशीवरून जपून जावे लागते. खिडकीजवळची जागा अभ्यासाला दिली आणि उजव्या हाताने लिहिणाऱ्याच्या डावीकडून उजेड आला, तर वहीवर हाताची सावली पडत नाही. न्हाणीघरात भिंतीला एक दांडा बसविला, तर आजीला आधार मिळतो. यांपैकी कशालाही फार खर्च येत नाही.

कोणी म्हणेल, "आमची जागाच अपुरी, तिची मांडणी ती काय करावयाची?" मुंबईत वरळी, नायगाव येथे १९२० नंतरच्या दशकात बी. डी. डी. चाळी उभ्या राहिल्या. त्यांतील एकेक खोली सुमारे १६० चौरस फुटांची. एवढ्याशा जागेत कुटुंबांच्या पिढ्या वाढल्या. सकाळी अंथरुणांची वळकटी होई, सामान पोटमाळ्यावर जाई आणि रात्रीची निजण्याची जागा दिवसा पंगतीची व अभ्यासाची होई. अशा दाटीत राहावे लागणे हे सुख खासच नव्हे. मोठी जागा मिळावी ही मागणी रास्तच आहे. परंतु जागा लहान असली म्हणजे विचार अधिक लागतो, कमी नव्हे, हे या खोल्यांनी दाखवून दिले.

मग घरात शोभेला स्थानच नसावे काय? अवश्य असावे. जपानी घरांत बैठकीच्या खोलीत एक खास कोनाडा असतो. त्यात एखादे चित्र आणि एखादी पुष्परचना एवढेच ठेवतात, आणि ऋतूप्रमाणे ते बदलतात. भोवतालची रिकामी जागा त्या एका फुलाला उठाव देते. सेवाग्राम येथील बापूकुटीत मीराबेन यांनी मातीच्या भिंतीवर ताडाची झाडे आणि चरखा यांच्या उठावाच्या आकृती केल्या आहेत. घर मातीचे आणि अलंकारही मातीचाच! साधेपणा म्हणजे ओकेपणा नव्हे, हे त्या भिंतीपुढे उभे राहिले की कळते.

तेव्हा घरात नवी वस्तू आणण्यापूर्वी दोन प्रश्न विचारावेत. हिचा उपयोग किंवा आनंद घरातील कोणाला होणार आहे? आणि हिच्यामुळे कोणाची जागा, कोणाचा उजेड अडणार आहे? पाहुणा घटकाभर बसतो आणि निघून जातो. घरची माणसे तेथे आयुष्य काढतात. ज्या घरात राबणाऱ्याला वारा, शिकणाऱ्याला उजेड आणि थकलेल्याला आधार मिळतो, ते घर झोपडीएवढे असले तरी सुंदरच म्हटले पाहिजे.