सूर्यास्त, सारस आणि आपली निसर्गभक्ती

गोंदिया जिल्ह्यातल्या एखाद्या तलावाच्या पाळीवर सायंकाळी उभे राहावे, शेतांतून परतणारी सारसांची जोडी उथळ पाण्यात उतरावी, तिने माना उंचावून एका सुरात साद घालावी आणि मागे सूर्य बुडावा, हे दृश्य विलक्षण आहे याविषयी दुमत नाही. आम्हीही तिथे मुकाट उभे राहिलो आहोत. आमचा आक्षेप आहे तो घरी परतल्यावर जे लिहिले जाते त्याला.

सारसावरच्या ललितलेखाचा साचा आता ठरून गेला आहे. आरक्त क्षितिज, वाल्मीकींचा क्रौंच आणि जोडीदार गेला की अन्नपाणी सोडून प्राण देणारा एकनिष्ठ पक्षी. वास्तविक जोडीदार गमावलेल्या सारसाने नवा जोडीदार निवडल्याच्या नोंदी आहेत. क्वचित तीन पक्षी मिळून एकत्र राहतात, हेही अभ्यासकांनी दाखवले आहे. पण आपल्या दाम्पत्यकल्पना पक्ष्याच्या माथी मारण्याचा मोह आवरत नाही. चारशे वर्षांपूर्वी जहांगीर बादशहाने पाळलेल्या सारसांना लैला-मजनू अशी नावे दिली खरी, पण त्यांची अंडी किती दिवसांनी फुटतात हेही त्याने मोजून ठेवले. आमच्या लेखकाने बादशहाची हौस तेवढी उचलली, मोजदाद सोडून दिली.

याहून गंभीर दोष निराळाच आहे. या लेखांत माणूस नसतो. निर्मनुष्य जलाशय, आदिम शांतता वगैरे शब्द सढळ हाताने येतात. परंतु ज्या पाळीवर लेखक उभा असतो, ती माणसांनीच घातलेली असते. या भागातले हजारो तलाव आणि बोड्या पूर्वजांनी, विशेषतः कोहळी समाजाने, भातासाठी बांधल्या. नवेगावबांधचा विस्तीर्ण तलाव कोलू पाटील कोहळी यांच्या नावाशी जोडला जातो. १९५१ साली मालगुजारी संपली, तलाव सरकारकडे गेले आणि त्यांची गाळ-डागडुजी हळूहळू कुणाचीच राहिली नाही. सारसाच्या कहाणीचा हा पूर्वार्ध आहे आणि तोच गाळला जातो.

उत्तरार्ध बांधीत घडतो. नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प २०१३ साली जाहीर झाला. सारस मात्र प्रामुख्याने अशा राखीव जंगलाबाहेर, भातशेतीत घरटे करतो. सहसा दोन अंडी, महिनाभराची उबवण, नर-मादीची आळीपाळी. घरट्याभोवतीचे धान तुडवले जाते, ते शेतकऱ्याचे. ते घरटे मोडायचे की राखायचे, हा निर्णयही त्याचाच. विजेच्या तारा, कीटकनाशके, आटत आणि बुजत चाललेले तलाव यांतूनही हा पक्षी इथे टिकला, तो अशा अनेक शेतकऱ्यांमुळे आणि घरट्यांवर पहारा देणाऱ्या स्थानिक तरुणांमुळे. दरवर्षीच्या गणनेत जिल्ह्यातील सारस काही दहांतच मोजून संपतात. एवढ्या थोड्या पक्ष्यांच्या बाबतीत एका शेतकऱ्याचा निर्णयही क्षुल्लक नसतो.

यावर उत्तर ठरलेले आहे: साहित्य म्हणजे पक्षिगणना नव्हे. मान्य. पण साहित्य म्हणजे पाहणे तरी आहे ना? मारुती चितमपल्ली नवेगावबांधला वनाधिकारी होते. पाखरांची आणि झाडांची नावे त्यांनी रानातल्या माणसांकडून घेतली आणि ती माणसेही आपल्या लेखनात ठेवली. त्यांच्या वारशाचा उद्घोष करणाऱ्यांनी त्यातला रंग तेवढा घेतला, ऋण विसरले.

निर्मनुष्य निसर्गाचे हे चित्र निरुपद्रवी नाही. माणूस नसलेलाच निसर्ग खरा, असे वाचकाच्या मनावर ठसले की सारस वाचवण्यासाठी शेतकऱ्याला दूर सारणे त्याला न्याय्य वाटू लागते. इथे तर शेतकरी गेला की धान गेले, आणि धान गेले की घरट्याची जागाही गेली.

तेव्हा सूर्यास्त जरूर पाहावा. मात्र लिहिण्यापूर्वी ऐन पावसाळ्यात, रोवणीनंतर, एकदा दुपारी यावे. धुऱ्यावर बसलेल्या माणसाला यंदा किती धान गेले, ते विचारावे. त्याचे उत्तर ज्या लेखात असेल, तो आम्ही आनंदाने वाचू.