बीपीची वही



गेल्या वर्षी ह्यांना एका दवाखान्यात तपासायला नेलं होतं. समोर ही रांग, आणि सिस्टर एकच. हे जिना चढून आले, खुर्चीत टेकतात न टेकतात तोच पट्टा बांधला गेला. हात लोंबकळत होता, तोंडाने बोलणं चालूच. १६८/९६. दोन मिनिटांत गोळी वाढली. आठ दिवसांनी पहाटे उठताना ह्यांच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. पलंगाची कड हाताला लागली म्हणून निभावलं.

सिस्टरला मी दोष देत नाही. तिला पाच मिनिटं थांबायला वेळच कुठे होता? २०३० पर्यंत जगात सुमारे एक कोटी आरोग्य कर्मचारी कमी पडतील, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. ती पाच मिनिटं घरी मात्र आपल्याकडे असतात.

म्हणून मशीन घेतलं, दंडावर बांधायचं. सकाळी लघवीला जाऊन यायचं, गोळी आणि चहा दोन्हींच्या आधी. पाठ टेकून, पाय जमिनीला लावून पाच मिनिटं गप्प बसायचं (ह्यांना हेच सर्वांत अवघड). हात टेबलावर, पट्टा छातीच्या उंचीला. एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजायचं, संध्याकाळी पुन्हा. असे सात दिवस. पहिला दिवस सोडून बाकीच्यांची सरासरी. घरच्या मापात १३५/८५ च्या खाली असलेलं बरं. आमची सरासरी आली ११८/७२. डॉक्टरांनी वही पाहिली आणि वाढवलेली गोळी कमी केली. आमचा रात्रीभोजन त्याग आहे, सूर्यास्तानंतर हे पाणीही घेत नाहीत, हेही तेव्हाच सांगितलं. रात्रीची गोळी सकाळवर आली. इतके दिवस ना त्यांनी विचारलं, ना आम्ही सांगितलं.

मी कॉमर्सची. रोजकीर्द घरी लिहावी, ताळेबंद डॉक्टरांनी तपासावा, इतकं साधं मला हे वाटतं. ताळेबंदात आपण हात घालायचा नाही. आकडा बघून गोळी स्वतः कमीजास्त करणं म्हणजे आजाराला आमंत्रण. आणि १८०/१२० च्या वर आकडा, सोबत छातीत दुखणं किंवा बोबडी वळणं असेल, तर वही ठेवून थेट दवाखाना.

ब्रिटनमध्ये हजारावर रुग्णांवर असा प्रयोग झाला, २०१८ साली 'लॅन्सेट'मध्ये आला. घरी मोजलेल्या आकड्यांवरून डॉक्टरांनी औषध ठरवलं, तर वर्षभरात वरचं बीपी नेहमीच्या पद्धतीपेक्षा तीन-चार अंकांनी कमी राहिलं. काहींनी आकडे मोबाइलवरून पाठवले, काहींनी नुसते कागदावर लिहिले. दोन्ही चाललं.

माझी हरकत एकाच गोष्टीला आहे. टोकनचं मशीन आलं, रिपोर्ट मोबाइलवर आला, म्हणून सिस्टरची जागाच कमी केली तर आम्ही वाचवलेला वेळ गेला कुठे? तो आमच्या शेजारच्या मावशींना मिळायला हवा. एकट्या राहतात, मशीनवरचे आकडे दिसत नाहीत, टोकनच्या पडद्यावरचं इंग्रजी कळत नाही. त्यांना 'स्वतःची काळजी स्वतः घ्या' म्हणून कसं चालेल?

सध्या त्यांची वही मीच लिहिते. चहाआधी गाठावं लागतं, कारण चहा झाला की अर्धा तास थांबणं आलं, आणि मावशी चहाशिवाय सोडत नाहीत.