सासूबाईंच्या आठवणी वहीत उतरवा

मैत्रिणींनो, पावसात घर वाहून गेलेला कावळा चिमणीचं दार ठोठावतो, ही गोष्ट मुलांना सांगितली नाही अशी आई आपल्याकडे विरळाच! ती थेट 'लीळाचरित्रा'त आहे. तेराव्या शतकात श्रीचक्रधरस्वामींनी सांगितली आणि ऐकणाऱ्यांनी ध्यानात ठेवली. चिमणीच्या जागी तिथे साळई आहे, एवढंच.

भंडाऱ्याकडच्या भगिनींना तर हा ग्रंथ घरचाच वाटावा. स्वामी एकटे भ्रमण करीत असताना भंडाऱ्याचे निळभट्ट त्यांच्या संगतीला लागले. ग्रंथात त्यांना गावावरून भांडारेकारच म्हटलं आहे.

लीळाचरित्र म्हणजे गुरूच्या सहवासात राहिलेल्यांच्या आठवणी. स्वामी निघून गेल्यावर म्हाइंभटांनी १२७८ च्या सुमारास रिद्धपूरला त्या लिहून काढल्या. नागदेवाचार्यांना विचारलं, गावोगाव जाऊन ज्याची आठवण त्याच्याच तोंडून ऐकली. त्यात बायका पुष्कळ. स्वामींचं जेवणखाण सांभाळणाऱ्या बाइसा होत्या, प्रश्न विचारताना कधी न संकोचणाऱ्या महदाइसा होत्या. बायकांचं काय ऐकायचं, असं कुणी म्हटलं नाही. म्हणून तर स्वामी काय जेवले, कुठे बसले, कुणाची कशी समजूत घातली, हे सारं आज आपल्याला कळतं. पुढे केशोबास संस्कृतात लिहू लागले, तेव्हा माझ्या म्हाताऱ्या बायका याला मुकतील, म्हणून नागदेवाचार्यांनीच त्यांना थांबवलं.

पुढे परचक्राच्या धामधुमीत मूळ पोथी नाहीशी झाली. पण ज्यांना ती पाठ होती, त्यांच्याकडून ती पुन्हा लिहिली गेली. त्यातला एक पाठ हिराइसा या बाईच्या नावाने ओळखला जातो. पोथी गेली, पण बाईच्या स्मरणाने ती राखली!

आता आपल्या घराकडे पाहा. सासूबाई, आजेसासूबाई, माहेरची आत्या... त्यांना पाठ असलेल्या ओव्या, औषधं, घराण्याच्या हकिकती कुठे लिहिलेल्या आहेत का? त्या गेल्यावर कुणाला विचारणार?

यासाठी शंभर पानी वही पुरे. 'आठवणी सांगा' म्हटलं तर कुणाला काही सुचत नाही. तांदूळ निवडताना शेजारी बसावं आणि छोटंसंच विचारावं: सासरी पहिला स्वयंपाक काय केलात? पूर आला तेव्हा धान्य कुठे हलवलंत? त्यांचे शब्द आहेत तसेच लिहा, पुस्तकी करू नका. खाली सांगणारीचं नाव आणि तारीख घाला. दोघी जावांनी एकच हकिकत निरनिराळी सांगितली, तर भांडण मिटवत न बसता दोन्ही लिहा. लीळाचरित्रातही असे निरनिराळे पाठ जपले आहेत. मोबाईलवर आवाज घेतलात तरी वहीत उतरवाच. आणि वही पावसाळ्यात दमट कपाटात ठेवू नका.

एखादी आठवण दुखरी निघेल. मग लिहिणं थांबवा, हात हातात घ्या. त्यांनी 'लिही' म्हटलं, तरच पुढे लिहा.

वही भरायला वर्ष लागलं तरी चालेल. पण पहिलं पान याच आठवड्यात लिहा. म्हातारी माणसं आपल्या सवडीसाठी थांबत नाहीत, बायांनो.