ट्यूबवरचे नाव वाचा

भगिनींनो, चंद्रपूरच्या उन्हाळ्यातला घाम असो की गडचिरोलीत धानाच्या बांधीत भिजलेले कपडे, गजकर्ण घरोघरी होते. दुकानातून आणलेल्या मलमाने दोन दिवसांत खाज थांबते. पुढे मात्र चट्टा पसरतच जातो. असे का?

ट्यूबवरची बारीक अक्षरे मुलांकडून वाचून घ्या. क्लोट्रिमाझोल, टर्बिनाफिन ही बुरशीवरची औषधे. क्लोबेटासोल, बीटामेथासोन, मोमेटासोन ही स्टेरॉइड. ती खाज दाबतात, बुरशी मारत नाहीत. गोरेपणासाठी चेहऱ्यावर लावत राहिल्यास कातडी पातळ होते, मुरमे येतात. २०१८ पासून अशी मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकण्यास मनाई आहे.

बरेच दिवस लावत असाल, तर मनाने एकदम बंद करू नका. ट्यूब घेऊन डॉक्टरांकडे जा. शरीर ही अल्लाहची अमानत आहे.