विश्लेषण : तरुणांच्या मोटारीचा विमा नूतनीकरणाच्या वेळी महाग का होतो?

नोकरी लागून दोन-तीन वर्षे झाली, की उपनगरांतील अनेक घरांत मुलाच्या किंवा मुलीच्या नावावर पहिली मोटार येते. पहिला विमा शोरूममध्येच कर्जाच्या कागदांबरोबर उतरवला जातो आणि त्यातील आकड्यांकडे सहसा कोणी पाहत नाही. पुढे नूतनीकरणाचा संदेश मोबाइलवर येतो, तेव्हा प्रश्न पडतो : गाडी जुनी झाली, तिची किंमत घटली, मग हप्ता का वाढला? ‘वय कमी आहे म्हणून’ असे उत्तर अनेकदा दिले जाते. आपल्याकडे खरी कारणे बहुतांशी वेगळी आहेत.

वयामुळे हप्ता वाढतो का?

ब्रिटन-अमेरिकेत गाडी कोण चालवणार, त्याचे वय आणि अनुभव किती, यावर हप्ता मोठ्या प्रमाणात ठरतो. भारतात विम्याचा मुख्य आधार गाडी असते. दुसऱ्याच्या जीविताच्या वा मालमत्तेच्या नुकसानीसाठी असलेला ‘थर्ड पार्टी’ विमा सक्तीचा आहे. त्याचे दर केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालय विमा नियामक ‘इर्डाय’च्या सल्ल्याने ठरवते. खासगी मोटारीसाठी ते इंजिनाच्या क्षमतेवर अवलंबून असतात. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरांनुसार १००० सीसीपर्यंत २,०९४ रुपये, १००० ते १५०० सीसीला ३,४१६ रुपये आणि त्यापुढे ७,८९७ रुपये आकारले जातात. मालक २२ वर्षांचा असो वा ६० वर्षांचा, दर तोच.

स्वत:च्या गाडीच्या नुकसानीचा, म्हणजे ‘ओन डॅमेज’ विम्याचा दर ठरवण्याची मुभा कंपन्यांना १ जानेवारी २००७ पासून आहे. एखादी कंपनी त्यात वयाचाही विचार करू शकते. पण गाडीची सध्याची विमा किंमत (आयडीव्ही), तिचे वय, इंजिन आणि नोंदणीचे शहर हे मूळ घटक आहेत. जुन्या दरपत्रकात मुंबई, पुणे, दिल्लीसह आठ महानगरांचा ‘अ’ विभाग आहे आणि तिथला दर उर्वरित देशापेक्षा जास्त आहे. अंधेरी (एमएच ०२), बोरिवली (एमएच ४७) किंवा घाटकोपर-मुलुंडसाठीचे वडाळा (एमएच ०३) यांपैकी कोणत्याही आरटीओत नोंदलेली गाडी मुंबईचीच धरली जाते.

मग फटका कुठे बसतो?

‘नो क्लेम बोनस’मध्ये. वर्षभरात नुकसानीचा दावा केला नाही, तर पुढील वर्षी ओन डॅमेजच्या हप्त्यात २० टक्के सूट मिळते. सलग दावा न करता गेलेल्या वर्षांनुसार ती २५, ३५, ४५ आणि शेवटी ५० टक्क्यांपर्यंत जाते. एक दावा झाला, की ती शून्यावर येते. पहिलीच गाडी घेणाऱ्या तरुणाची सुरुवात शून्यापासून होते आणि नव्या हाताने बंपर घासण्याची शक्यताही याच काळात जास्त असते. शेजारच्या काकांना तशाच गाडीसाठी निम्मा हप्ता पडत असेल, तर तो फरक वयाचा नसून साठलेल्या बोनसचा असतो.

लहान दावा किती महाग पडतो?

समजा, ओन डॅमेजचा मूळ हप्ता २० हजार रुपये आहे. तिसऱ्या नूतनीकरणाला ३५ टक्के सूट मिळून तो १३ हजार झाला असता. पण त्याआधी सहा हजार रुपयांच्या बंपरसाठी दावा केला, तर पूर्ण २० हजार भरावे लागतात. म्हणजे सात हजारांचे नुकसान, वर १८ टक्के जीएसटी धरून ८,२६० रुपये. ही झाली एका वर्षाची गोष्ट. पुढच्या वर्षी ४५ टक्क्यांऐवजी २० टक्केच सूट मिळते. गेलेला बोनस पुन्हा ५० टक्क्यांवर यायला पाच वर्षे लागतात.

चूक कोणाची होती, हेही सहसा पाहिले जात नाही. अंधेरी किंवा मिलन सबवेत पावसाचे पाणी गाडीत शिरले आणि दावा केला, तरी बोनस जातो. पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा सुरू करण्याच्या प्रयत्नात इंजिन निकामी झाले, तर वेगळे ‘इंजिन संरक्षण’ नसल्यास तो खर्च सहसा नाकारला जातो.

चौथ्या वर्षी उडी का?

सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर सप्टेंबर २०१८ पासून नव्या मोटारीचा थर्ड पार्टी विमा एकदम तीन वर्षांचा घ्यावा लागतो. त्यामुळे दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षी फक्त ओन डॅमेजचा हप्ता येतो. चौथ्या वर्षी त्यात थर्ड पार्टीची भर पडते. १२०० सीसीच्या गाडीला ही भर जीएसटीसह चार हजारांहून अधिक होते. ही दरवाढ नसते, पण नोटिशीत नुसती एकूण रक्कम पाहणाऱ्याला ती तशीच वाटते.

वडिलांची गाडी नावावर केली तर?

घरातली जुनी गाडी मुलाच्या नावावर करणे ही नेहमीची गोष्ट आहे. पण बोनस गाडीचा नसतो, मालकाचा असतो. वडिलांचा ५० टक्के बोनस वडिलांकडेच राहतो आणि मुलगा शून्यापासून सुरू करतो. मालकाच्या निधनानंतर गाडी वारसाकडे आली तरच बोनस तिच्यासोबत येऊ शकतो. उलट गाडी वडिलांच्या नावावर असताना मुलाने अपघात करून दावा केला, तर वडिलांचा बोनस पुसला जातो.

काय करता येईल?

दुरुस्तीचा खर्च आणि गमावला जाणारा बोनस यांची तुलना करूनच दावा करावा. विम्याची मुदत संपल्यावर ९० दिवसांत नूतनीकरण केले नाही, तर बोनस जातो. शिवाय विम्याविना गाडी चालवल्यास पहिल्या वेळी दोन हजार रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, अथवा दोन्ही होऊ शकतात. कंपनी बदलली तरी बोनस सोबत नेता येतो. मात्र ऑनलाइन अर्जात ‘मागील वर्षी दावा केला नाही’ अशी खोटी खूण केल्यास ऐन गरजेच्या वेळी भरपाई अडकते. आठवडाभर लोकलने जाऊन फक्त रविवारी गाडी काढणाऱ्यांनी, ‘इर्डाय’ने जुलै २०२२ मध्ये परवानगी दिलेला, वापरानुसार हप्त्याचा पर्याय तपासावा.

सुधारणा कुठे हवी?

जपून गाडी चालवणाऱ्या तरुणाला आणि बेदरकार चालवणाऱ्याला पहिल्या वर्षी जवळपास सारखाच हप्ता पडतो. चालवण्याच्या सवयीनुसार हप्त्याचा पर्याय २०२२ मध्येच खुला झाला, तो ग्राहकांसमोर ठळकपणे मांडला गेला पाहिजे. त्याआधी एक साधी गोष्ट करता येईल. नूतनीकरणाच्या नोटिशीत थर्ड पार्टी, ओन डॅमेज, बोनस, जादा संरक्षणे आणि कर यांचे गेल्या वर्षीचे व यंदाचे आकडे शेजारी शेजारी, मराठीत द्यावेत. विमा सक्तीचा आहे, तेव्हा हप्ता का वाढला हे कळणे हा ग्राहकाचा हक्क ठरतो. ते कळले नाही, तर तरुण ग्राहक स्वस्ताच्या शोधात अपुरा विमा घेतो किंवा नूतनीकरणच टाळतो, आणि त्याची किंमत रस्त्यावरच्या दुसऱ्यालाही मोजावी लागू शकते.