गिअरलेस? छे, अगणित गिअर!

'गिअरलेस' हा शब्द स्कूटरला पहिल्यांदा ज्याने कोणी चिकटवला, त्याला एकदा गॅरेजमधल्या स्टुलावर बसवून गाडीचं डावीकडचं कव्हर उघडून दाखवायला हवं. आत गिअर नाहीत असं नाही राव, आत किती गिअर आहेत ते मोजता येत नाही! पहिला-दुसरा-तिसरा-चौथा असा जिना काढून तिथे सरळ रॅम्प बांधलाय. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांच्या भाषेत सांगायचं तर चार इंटिजरच्या जागी एक फ्लोट आला.

हे सगळं आठवायचं कारण असं की, परवा आमच्या ऑफिसच्या पार्किंगमध्ये एकाने नवी कोरी मॅक्सी स्कूटर आणली. रुंद सीट, पुढे काच, मोटरसायकलसारखा रुबाब. सगळे भोवती जमले. बघून झाल्यावर त्यातला एक म्हणाला, "दिसायला भारी आहे रे, पण शेवटी बायकांचीच गाडी ना!" सगळे हसले. मला मात्र ते वाक्य चावत राहिलं. म्हणून हा विकेंड त्या वाक्यावर.

आधी मॅक्सी स्कूटर म्हणजे काय ते बघू. १९८६ साली होंडाने सीएन-२५० काढली (अमेरिकेत तिचं नाव 'हेलिक्स'). लांबलचक, आरामखुर्चीसारखी. १९९८ मध्ये सुझुकीची बर्गमन आली आणि २००१ मध्ये यामाहाची ५०० सीसीची टी-मॅक्स. टी-मॅक्समध्ये इंजिन चक्क मोटरसायकलसारखं चेसिसला बसवलेलं होतं. एरवी स्कूटरचं इंजिन मागच्या चाकाबरोबर वर-खाली हलत असतं. रोम, मिलान, पॅरिसमधली सुटाबुटातली माणसं अशा गाड्यांवरून ऑफिसला जातात, आणि तिथे कोणी त्यांना बायकी म्हणत नाही. पण या सगळ्यांच्या पोटात यंत्र तेच, जे आपल्या शेजारच्या काकूंच्या अ‍ॅक्टिव्हात आहे. पट्टा आणि दोन पुल्या. सीव्हीटी.

हे यंत्र मला इतकं आवडतं की ते समजावून सांगितल्याशिवाय मी पुढे जाणार नाही :-) दोन पुल्या, मधे एक रबरी पट्टा. प्रत्येक पुली म्हणजे समोरासमोर ठेवलेल्या दोन उतरत्या बश्या. पुढच्या पुलीत छोटे रोलर असतात. इंजिन जोरात फिरलं की ते बाहेर फेकले जातात (जत्रेतल्या फिरत्या पाळण्यासारखे) आणि बश्या जवळ ढकलतात. मग पट्टा वर, मोठ्या घेरावर चढतो. पट्ट्याची लांबी तेवढीच, त्यामुळे मागच्या पुलीत तो खोल रुततो. झाला वरचा गिअर! आता घाट लागला, मागे डबलसीट. चाकावर ताण आला की मागच्या पुलीतली तिरकी खाच आणि स्प्रिंग मिळून तिच्या बश्या आवळतात, पट्टा तिथे वर येतो आणि गिअर आपोआप उतरतो. हे सगळं सेन्सरशिवाय, चिपशिवाय, एकही ओळ कोड न लिहिता! वजन, उतार आणि स्प्रिंग एवढ्यावर चालणारा हा फीडबॅक लूप आहे. बग आलाच तर पट्टा बदला, रोलर बदला, विषय संपला.

बरं, ही कल्पना कालपरवाची नाही. १८७९ साली अमेरिकेत इंडियानातल्या मिल्टन रीव्हजने लाकडाच्या करवतीचा वेग बदलायला अशा पुल्या लावल्या. १९१० च्या आसपास इंग्लंडमध्ये झेनिथ कंपनीच्या 'ग्रॅड्युआ' मोटरसायकलवर चालवणारा हाताने एक दांडा फिरवून पुलीचा घेर बदलायचा. चढावरच्या शर्यतीत या गाडीपुढे बाकीच्यांचं काही चालेना, तेव्हा काही क्लबांनी तिच्यावर बंदीच घातली. कंपनीही अशी खमकी, की 'बंदी घातलेली' हीच तिने आपली जाहिरात केली!

स्कूटरवर ही चीज आणली अमेरिकेतल्या फॉस्टर सॉल्सबरीने. १९३८ च्या मोटर ग्लाइडमध्ये आपोआप बदलणारी पुली होती. म्हणजे पहिल्या व्हेस्पाच्या आधी आठ वर्षं! व्हेस्पा १९४६ ची, आणि तिचे गिअर हाताने पाडावे लागत. सॉल्सबरीचा धंदा काही फार टिकला नाही. जग व्हेस्पाच्या मागे गेलं आणि आपण बजाजच्या.

मग १९५८ साली हॉलंडमध्ये हुब फान दोर्नेने डाफ-६०० ही छोटी मोटार दाखवली. तिच्यात पट्ट्यावरचं 'व्हेरिओमॅटिक'. क्लच नाही, गिअर नाही, कोणीही बसावं आणि चालवावी. गंमत म्हणजे ती जेवढ्या वेगाने पुढे जायची तेवढ्याच वेगाने मागेही, त्यामुळे हॉलंडमध्ये डाफच्या उलट्या पळण्याच्या शर्यती व्हायच्या. पण लोकांनी तिच्यावर छाप काय मारला? म्हाताऱ्यांची आणि बायकांची गाडी. तिच्याच जातकुळीतली डाफ-५५ १९६८ च्या लंडन-सिडनी मॅरेथॉनमध्ये धावली (ही शर्यत लंडनहून रस्त्याने आपल्या मुंबईपर्यंत आणि पुढे बोटीने ऑस्ट्रेलियात), तरी छाप गेला नाही.

आता खरी मजा बघा. याच फान दोर्नेच्या परंपरेतला पट्टा, आता रबराऐवजी पोलादाचा, १९९३ साली विल्यम्सने फॉर्म्युला वनच्या गाडीत बसवून बघितला. डेव्हिड कुल्टहार्डने ती चालवली. इंजिन एकाच सुरात ओरडतंय आणि गाडी वेग घेतेय! शर्यतीत उतरायच्या आधीच १९९४ च्या नियमांत सीव्हीटीवर बंदी आली.

म्हणजे बघा मंडळी, एकाच यंत्रावर दोन आरोप. जिंकलं तर लबाडी आणि सोपं झालं तर बायकी. दोन्ही एकदम खरे कसे असतील? माझं मत असं की हा राग यंत्रावर नाहीच. तो आहे आपण कमावलेलं कसब फुकट जाण्याचा. क्लच आणि गिअरचा मेळ जमवायला आपण महिनाभर घाम गाळला, आणि आता कोणीही येऊन नुसतं पिळतं आणि जातं? आमच्या धंद्यात गार्बेज कलेक्टर आला तेव्हा मेमरी हाताने सांभाळणाऱ्यांचं दुखणं हेच होतं.

पण त्या कसबाची किंमत कोण मोजत होतं? आपल्याकडे १९८४ साली कायनेटिक होंडा आली, पुण्याच्या कायनेटिकने होंडाबरोबर काढलेली. ९८ सीसी, बटणस्टार्ट, पट्ट्यावर चालणारी. त्याआधी स्कूटर म्हणजे काय, तर डाव्या मनगटाने गिअर पाडा, किक मारा, नाही चालू झाली तर गाडी आडवी करून परत किक मारा. साडी नेसलेल्या बाईने, गुडघे गेलेल्या आजोबांनी काय करायचं? मागे बसायचं. दुसरं काय! पट्टा आणि पुल्यांनी मागच्या सीटवरच्या लोकांना पुढे आणलं. शिक्षिका, नर्स, क्लासला जाणाऱ्या मुली. तेव्हा 'बायकांची गाडी' हे वर्णन म्हणून अगदी बरोबर आहे. फक्त ते टोमणा मारायला वापरू नये, सत्कार करायला वापरावं.

याचा अर्थ सीव्हीटीत दोष नाहीत असं नाही. पट्ट्याच्या घर्षणात थोडी ताकद जाते. अ‍ॅक्सिलरेटर पिळला की आवाज आधी आणि वेग मागून, असं रबर ताणल्यासारखं वाटतं. उतारावर वेग फार कमी झाला की क्लच सुटतो आणि इंजिनचा ब्रेक गायब होतो, ते लक्षात ठेवावंच लागतं. हातातल्या गिअरची मजा वेगळी, हे मीही मान्य करतो. मजा म्हणून गिअर पाडा की, कोण नाही म्हणतंय! पण मजेला मर्दानगी म्हणू नका. पुरुषांचा हा अहंकार कंपन्यांनाही बरोबर कळलाय. सुझुकीच्या बर्गमन-६५० मध्ये पुली हलवायला इलेक्ट्रिक मोटर होती आणि बटणावर टप्प्याटप्प्याने बदलणारे लटके गिअरही दिले होते. म्हणजे आधी खपून जिना काढायचा, आणि मग रॅम्पवर पायऱ्या रंगवायच्या!

असो. हा वाद फार काळ उरणार नाही. इलेक्ट्रिक मोटर शून्यापासूनच पूर्ण जोर देते, तिला ना जिना लागतो ना रॅम्प. ज्या चेतकचे गिअर पाडत आपली वडीलधारी मंडळी मोठी झाली, तेच नाव २०२० साली पुण्यात आणि बंगळुरूत इलेक्ट्रिक होऊन विक्रीला आलं. ही मात्र खरीखुरी गिअरलेस. आता तिला कोणाची गाडी म्हणणार?