सुधारणा चालू, रस्ता बंद

घोडबंदर रोडवर घर घेतलेल्या माणसाला चोराची, भूकंपाची किंवा महागाईची भीती वाटत नाही. त्याला भीती वाटते ती फक्त ‘सुधारणा’ या शब्दाची. एके काळी म्हणे या बंदरावर घोडे उतरत, म्हणून हे नाव. आज उतरले असते तर माजिवड्याच्या नाक्यावर पोचेपर्यंत बिचारे पेन्शनीत निघाले असते. 2018 पासून आमच्या रस्त्यावर मेट्रोचे खांब उगवायला लागले. ते बघत बघत शेजारची पोरं शाळेतून कॉलेजात गेली.

पण रस्त्याविषयी आज माझी तक्रार नाही. रस्ता खणणारा माणूस निदान पत्रे उभे करतो, त्यावर बाण काढतो आणि ‘पर्यायी मार्ग’ असं लिहितो. तो मार्ग डबक्यात संपत असेल, पण लिहितो! माझं भांडण आहे ते ज्यांनी आमच्या कंपनीचं नेटवर्क सुधारलं त्यांच्याशी. त्यांनी बाणसुद्धा काढला नाही.

मी हिशेबखात्यातला माणूस. राहतो कासारवडवलीला, ऑफिस वागळे इस्टेटीत. मार्च 2020 मध्ये देश बंद झाला तेव्हा आम्हांला घरून काम करायला सांगितलं, आणि पुढे आठवड्यातले तीन दिवस ती सोय तशीच राहिली. या सोयीचा सगळा भार ऑफिसातल्या एका यंत्रावर होता. त्याचं नाव रिमोट अ‍ॅक्सेस सर्व्हर. सौ.ला मी सांगितलं, की हा आमचा दारवान. आपण घरून हाक मारायची, नाव आणि पासवर्ड सांगायचा. ओळख पटली की तो आत सोडतो आणि ऑफिसातल्या वह्या घरच्या टेबलावर उघडतात.

‘‘म्हणजे ऑफिसला न जाता ऑफिसात,’’ सौ. म्हणाली. ‘‘आणि घरात असून घरात नाही. ते तर मी रोज बघतेच आहे.’’

तर या दारवानाला काढून नवा नेमायचं साहेबांनी ठरवलं. शुक्रवारी संध्याकाळी पत्रक आलं : ‘शनिवारी रात्री नेटवर्कची दर्जावाढ होईल. वापरकर्त्यांना कोणताही त्रास होणार नाही.’ वाचकहो, चाळीस वर्षं मध्यमवर्गात काढलेल्या माणसाला एवढं कळतं, की त्रास होणार नाही असं कुणी आपणहून सांगितलं की धान्य भरून ठेवावं.

सोमवारी सात तारीख होती. ही तारीख लक्षात ठेवा. आमच्या भिवंडीच्या गोदामातल्या साठ माणसांचा पगार सातच्या आत व्हावा लागतो, आणि त्याची यादी बँकेला मी पाठवतो.

सकाळी आठला मी जुन्या दारवानाला हाक मारली. उत्तर नाही. रविवारी पहाटेच त्याला मूठमाती मिळाली होती. कॉम्प्युटर खात्याला फोन केला. तिथला मुलगा अगदी गोड आवाजात म्हणाला, ‘‘सर, नवीन पद्धत कशी वापरायची त्याची माहितीपुस्तिका ठेवलीय ना!’’

‘‘कुठे रे बाळा?’’

‘‘ऑफिसच्या सामायिक फोल्डरमध्ये.’’

म्हणजे किल्ली कपाटात आणि कपाटाला कुलूप! तो मुलगा क्षणभर गप्प झाला. मग त्यानं फोनवरून एकेक पायरी सांगितली, आणि साडेनऊला नव्या दारवानानं मला आत घेतलं. आत घेतलं खरं, पण हिशेबाचं यंत्र काही सापडेना. माझ्या कॉम्प्युटरचं म्हणणं, असं कुणी इथे राहत नाही.

याचं कारण मला नंतर कळलं, आणि ते कुणालाही कळण्यासारखं आहे. खाजगी नेटवर्कांसाठी पत्त्यांचे काही गट राखून ठेवलेले आहेत. आपापल्या चार भिंतींत ते कुणीही वापरावेत. बऱ्याच घरांतला इंटरनेटचा डबा यांतले 192.168.1 ने सुरू होणारे पत्ते वाटतो. आमच्या सुधारकांनी हिशेबाच्या यंत्राला नवा पत्ता दिला तो नेमका याच गटातला. ठाण्यातल्या प्रत्येक सोसायटीत ए विंगमध्ये एकशे एक नंबर असतो. पाकिटावर तेवढंच लिहिलं तर पोस्टमन आपल्याच सोसायटीत फिरणार. तसा माझा कॉम्प्युटर कंपनीची तिजोरी माझ्याच घरात, टीव्ही आणि मुलीचा मोबाइल यांच्या मध्ये शोधत बसला होता.

‘‘पण सर, आम्ही चाचणी घेतली होती. उत्तम चालत होतं,’’ मुलगा कळवळून म्हणाला.

‘‘कुठे बसून घेतलीत?’’

‘‘इथेच, ऑफिसात.’’

दार बाहेरून उघडतं की नाही, हे या मंडळींनी आत बसून तपासलं होतं!

इतक्यात भिवंडीहून गोदामाच्या रखवालदाराचा फोन. ‘‘साहेब, पगार आज होणार ना? पोराची फी भरायचीय. आज शेवटचा दिवस.’’ त्याला काय सांगू? 192.168 सांगू? चपला घातल्या आणि रिक्षा पकडली. वाघबीळला एक तास, मानपाड्याला पाऊण तास. दीड वाजता ऑफिसात पोचलो, तीनला यादी बँकेत गेली. पगार झाला, पण संध्याकाळी. शाळेची खिडकी दुपारीच बंद झाली होती. दुसऱ्या दिवशी त्याला दंडासकट फी भरावी लागली. तो दंड दर्जावाढीच्या खर्चात कुठेच दिसत नाही. मी हिशेबखात्यात आहे, मी शोधून पाहिला.

आता साहेबांची बाजू. ते म्हणाले, जुना दारवान कुचकामी होता. आणि ते खरंच होतं! त्याची पद्धत पीपीटीपी नावाची, गेल्या शतकातली. तिची पासवर्ड तपासायची जी रीत आमच्याकडे होती, ती एका दिवसात फोडता येते हे 2012 सालीच जाहीरपणे दाखवून झालं होतं. असल्या दाराशी साठ माणसांचे पगार ठेवणं हा गुन्हाच. दार बदलायलाच हवं होतं. मी काही जुनं ते सोनं म्हणणाऱ्यांतला नाही. पण साहेब, 2012 पासून दरवर्षी दिवाळीला हे दार तसंच उघडं ठेवून तुम्ही शांत झोपलात, आणि आता आणखी आठ दिवस धीर धरवेना?

आपण टेलिफोन खात्याला जन्मभर शिव्या घातल्या. पण त्या खात्याकडे एक शहाणपण होतं. नंबर बदलला की जुन्या नंबरावर एक बाई बसवलेली असायची. चिडायची नाही, कंटाळायची नाही. नंबर बदलला आहे एवढं ती मराठी, हिंदी आणि इंग्रजीत सांगत राहायची. आमच्या जुन्या दारवानाच्या जागी अशी एक बाई का नव्हती?

माझं मागणं फार नाही. नवं दार लावा, पण जुनं आठ दिवस राहू द्या. नव्या दारातून आधी ऑफिसातल्या सगळ्यांत अडाणी माणसाला त्याच्या घरून आत येऊन दाखवू द्या. त्या कामाला मी तयार आहे. माहिती कागदावर छापून हातात द्या. बिनसलं तर मागे कसं फिरायचं, हे पुढे जाण्याआधी ठरवा. आणि सात तारखेच्या तोंडावर हातोडा उचलू नका. तो मुलगा दोन रात्री जागला होता. त्याच्यावर माझा राग नाही. ज्यांनी तारीख ठरवली त्यांना घरून काम करावं लागत नाही, आणि त्यांचा पगार वेगळ्या यादीत असतो. राग त्यांच्यावर आहे.

हे सगळं मी साहेबांना लेखी दिलं. त्यांनी शांतपणे वाचलं आणि म्हणाले, ‘‘सूचना चांगल्या आहेत. सामायिक फोल्डरमध्ये टाकून ठेवा.’’